थरथरीला खाऊ

आधी बसवलं ते हँडलवर,
पाण्याच्या पाइपाची क्लिप आवळून,
ऑफिसनं दिलेलं पिवळं जीपीएस,
साबणाच्या वडीएवढं,
पोटात दोन पेन्सिल सेल.
काटोल नाका ओलांडेपर्यंत जागं होतं.
फेटरीच्या पुढे त्यानं डोळा मिटला.

गाडी एका सिलिंडरची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
साठावर गेली की आरशात
मागचा एक ट्रक दोन ट्रक होतो.
सेल स्प्रिंगवरून जरासे उठतात, परत बसतात,
तेवढ्यात यंत्र मरतं
आणि मेल्याची वेळ कुठे लिहीत नाही.

माझं काम विहिरींचं. वर्षातून चार फेऱ्या,
एकशे अकरा विहिरी:
फीत सोडायची, ओल्या खुणेवर बोट धरायचं,
आकडा वहीत, शेजारी अक्षांश, रेखांश.
विहीर कुठे जात नाही हो, साहेब म्हणाले,
पण तुम्ही गेला होतात, हे कळायला हवं.

मग मी सेलांच्या बुडाशी काय काय कोंबलं:
एसटीच्या तिकिटाची घडी,
सिगारेटच्या पाकिटातली चांदी,
घरच्या भांडी घासायच्या स्पंजाचा कोपरा
(त्याबद्दल संध्याकाळी वेगळं ऐकलं).
दहेगावच्या अलीकडे क्लिपच तुटली,
यंत्र दोरीला लटकून माझा गुडघा बडवत राहिलं
आणि शाळेतून सुटलेली पोरं
हसत सायकली दामटत मागे आली.

सक्करदऱ्याला देवाजी निनावेंचं दुकान.
दुकान म्हणजे कडुनिंब, त्याला ठोकलेला पत्रा.
त्यांचा उजवा हात आपला आपण हलत असतो,
म्हणून चहा ते अर्धाच कप सांगतात.
त्यांनी गाडी चालू करायला लावली,
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हँडलला टेकवलं, मूठ कानाला,
मग मडगार्ड, मग चिमटा, मग टाकी,
डॉक्टर पाठ तपासतो तसं, इंच इंच.
टाकीच्या मागच्या टोकाशी थांबले.
"इथं जराशी निजते."

"भाऊ, तुमचं यंत्र बरं हाय.
तुमी त्याले आवळून रायले.
आवळलं का ते गाडीचंच हाड होते.
थरथर काही थांबत नसते,
तिले मधात काहीतरी खाले द्या लागते."

एका हवाई चपलेची टाच,
स्कूटरच्या ट्यूबची पट्टी, दोन बोटं रुंद.
सुरी रबरात असेपर्यंत हात स्थिर,
बाहेर आली की पुन्हा सुरू.
मी बघतोय हे त्यांनी बघितलं.
"मले कुठं लावता हे रबर?" म्हणाले,
आणि वीस रुपये मागितले.

आता ते मरत नाही.
कळमेश्वर, सावनेर, नरखेडचे खड्डे,
संत्र्यांच्या बागांमधली चाकोरी,
सगळं गिळतं चपलेची टाच.
आधीच्या फेऱ्या ऑफिसच्या पडद्यावर पाहिल्या:
मेल्यापासून जागं होईपर्यंत
यंत्रानं बेधडक सरळ रेघ ओढलेली.
एका मंगळवारी मी गोरेवाड्याच्या तळ्यावरून
गाडीसकट चालत गेलो होतो.
कोणी काही विचारलं नव्हतं.

या वेळची रेघ अखंड, वळणावळणानं.
फक्त मोहप्याला एक गुंता.
उभ्या माणसाला हे यंत्र उभं मानत नाही,
पाच-सात पावलं इकडे, पाच-सात तिकडे
फिरवत राहतं जागच्या जागी.
चाळीस मिनिटांचा काळा गुंता,
अंगणाएवढा.

साहेबांनी त्यावर पेन ठेवलं.
इथे विहीर आहे का आपली?
यादीत दिसत नाही.

आहे, म्हणालो.
खोल आहे.
फीत पुरली नाही.